काहीच न करण्याचा खर्च

रिव्ह्यू जवळजवळ संपला होता. मेमरी चिप झोपलेली असताना तिचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या स्टँडबाय रेग्युलेटरचं स्केमॅटिक, म्हणजे सर्किटचं चित्र, पडद्यावर होतं, मागच्या रांगेतल्यांनी लॅपटॉप मिटायला घेतले होते, आणि टीममध्ये नुकताच आलेला मुलगा म्हणाला, "आउटपुटवरून ग्राउंडला जाणारी ही ब्रँच कशासाठी आहे? 150 नॅनोअँपिअर सरळ खाली चाललेत." मी सांगितलं, तो ब्लीडर आहे, जादा करंटला ग्राउंडकडे जायची वाट; गरम तापमानाला पास ट्रान्झिस्टर, म्हणजे पुरवठ्यातून लाइनला करंट सोडणारा ट्रान्झिस्टर, गळतो, ती गळती कुठेतरी जायला हवी. त्याने मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि सहज म्हणाला, "म्हणजे लो-पॉवर चिपमध्ये आपण मुद्दाम करंट फेकतोय." सगळे हसले. मीही हसले. माझं उत्तर तांत्रिकदृष्ट्या चोख होतं, त्याला ते पटलंही होतं. तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. इतक्या वर्षांत मी ज्या ज्या सर्किटवर काम केलं, त्यातला बराच भाग चिपने काही करावं म्हणून नव्हताच. चिप झोपलेली असताना काही होऊ नये, म्हणून होता.

त्या ब्लीडरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात या धंद्याची सगळी चिडचिड आहे. मेमरी चिप जागी होते तेव्हा तिला एकदम मिलिअँपिअरमध्ये करंट लागतो. तो देणारा पास ट्रान्झिस्टर लेआउटमध्ये डोळ्यात भरेल एवढा रुंद असतो. चिप झोपली की आपण मोठा रेग्युलेटर बंद करतो आणि एका छोट्या, मरतुकड्या रेग्युलेटरवर काम भागवतो. पण मोठा ट्रान्झिस्टर जागचा हलत नाही, तो त्याच लाइनला जोडलेला राहतो. आणि "बंद" ट्रान्झिस्टर कधीच पुरता बंद नसतो. ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला सुरू होतो त्या थ्रेशोल्डखाली करंट दहापट कमी करायचा तर खोलीच्या तापमानाला गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर, निदान 60 मिलिव्होल्ट मोजावे लागतात. ही भौतिकशास्त्राची अट आहे, चिप बनवणारी फॅब कितीही भारी असली तरी साध्या मॉसफेटला, म्हणजे चिपवरच्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरला, त्यात सूट नाही. प्रत्यक्षात 80-90 लागतात. तापमान 85 अंशांवर गेलं की थ्रेशोल्ड खाली येतो, उतार मंदावतो आणि गळती कितीतरी पटींनी वाढते. आता झोपलेल्या चिपमध्ये बहुतेक ब्लॉकचा पुरवठा तोडलेला असेल, तर ही गळती प्यायला कुणीच नसतं. लाइन हळूहळू वर चढते. रेग्युलेटरचं लूप गेट जितकं ताणता येईल तितकं ताणून बसलेलं असतं, त्याच्या हातात आणखी काही उरत नाही. आउटपुट थेट बाहेरच्या पुरवठ्याला जाऊन भिडतं, आणि पातळ ऑक्साइडचे जे ट्रान्झिस्टर कमी व्होल्टेजसाठी बनवले होते ते जास्त व्होल्टेजखाली भाजत राहतात. म्हणून ब्लीडर. थंड चिपमध्ये तो निव्वळ उधळपट्टी, गरम चिपमध्ये तोच तारणहार.

त्याचा करंट तापमानाबरोबर वाढेल अशी सोय करता येते, आणि आम्ही ती केलीही होती. पण शून्य करता येत नाही.

मेमरीला किती प्रकारची व्होल्टेज लागतात हे बाहेरच्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. मला ते पहिल्यांदा दिसलं कॉलेजच्या लॅबमधल्या एका जुनाट बोर्डावर. त्यावर 4116 चिपच्या ओळी होत्या, 16 किलोबिटची डीरॅम, म्हणजे प्रत्येक बिट एका छोट्या कपॅसिटरवर साठवणारी मेमरी, सत्तरच्या दशकातली. प्रत्येक चिपला तीन पुरवठे: अधिक 12, अधिक 5 आणि उणे 5. लॅब असिस्टंट कुणाला त्या बोर्डाजवळ फिरकू देत नसत. उणे 5 आधी यायला हवा आणि बंद करताना शेवटी जायला हवा, नाहीतर चिप जळते, हे ते दर वेळी त्याच स्वरात सांगायचे. बोर्ड सुरू झाला की त्याला एक तापलेल्या धुळीचा वास यायचा. पुढे 64 किलोबिटच्या पिढीत चिप एकट्या 5 व्होल्टवर चालायला लागली आणि तीन पिनांची कटकट संपली. ती संपली असं तेव्हा मला वाटलं होतं. कटकट फक्त चिपच्या आत गेली. उणे व्होल्टेज सब्स्ट्रेटला, म्हणजे चिपच्या तळाच्या सिलिकॉनला, अजूनही हवंच होतं, ते आता चिपवरचा एक छोटा पंप, चार्ज ढकलून पुरवठ्याबाहेरचं व्होल्टेज बनवणारं सर्किट, तयार करायला लागला. सेलची ओळ उघडणाऱ्या वर्डलाइनला पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज हवं, कारण सेलचा ट्रान्झिस्टर एन-प्रकारचा. गेट थ्रेशोल्डइतकं वर गेल्याशिवाय पूर्ण "एक" आत जातच नाही. सेलमधला डेटा वाहून नेणाऱ्या बिटलाइनला बरोबर निम्मं हवं. म्हणजे दुसरा पंप, तिसरा बफर, चौथा रेग्युलेटर. या सगळ्यांना तोंड वर काढायला डेटाशीटमध्ये जागा नसते. तिथे एक आकडा असतो, पुरवठ्याचा, आणि एक स्टँडबाय करंटचा. आमचं अख्खं आयुष्य त्या दुसऱ्या आकड्याच्या पोटात.

डीरॅमच्या एका सेलमध्ये एक व्होल्टला साठेक हजार इलेक्ट्रॉन असतात, तेही दहा फेम्टोफॅरडचा कपॅसिटर धरला तर. ते झिरपत राहतात, म्हणून दर 64 मिलिसेकंदांत सगळ्या ओळी वाचून परत लिहायच्या, 85 अंशांच्या वर तर 32 मध्येच. माणूस फोन खिशात टाकून विसरतो तेव्हाही हे चालू असतं.

फ्लॅशमध्ये हीच गोष्ट जास्त रांगडी होते. पेनड्राइव्हमध्ये असते त्या नँड फ्लॅशचा सेल लिहायचा तर ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन ढकलावे लागतात, त्याला 20 व्होल्टच्या आसपास लागतात, आणि बाहेरून मिळतात 3. कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी 1932 मध्ये केंब्रिजला लिथियमचं अणुकेंद्र फोडलं ते कपॅसिटर आणि रेक्टिफायरच्या अशाच एका शिडीने लाखो व्होल्ट चढवून. पण त्यांची रचना चिपवर आणली की कोसळते, कारण सिलिकॉनवर प्रत्येक नोडला, म्हणजे सर्किटमधल्या प्रत्येक जोडबिंदूला, ग्राउंडकडे जाणारी परजीवी, न मागता आलेली कपॅसिटन्स असते आणि एकामागे एक जोडलेले छोटे कपॅसिटर तिच्यापुढे टिकत नाहीत. जॉन डिक्सन यांनी 1976 मध्ये सगळे कपॅसिटर समांतर, दोन उलटसुलट क्लॉकवरून चालवले, आणि तो पंप अजूनही जगभरच्या चिपांत धडधडतोय. त्याचं तत्त्व पोराला खांद्यावर घेण्यासारखं आहे: त्याचा हात आहे तेवढाच असतो, पण त्याच्याखाली आपली उंची जोडली गेली की तो फळीपर्यंत पोचतो. भरलेल्या कपॅसिटरची खालची बाजू पुरवठ्याइतकी उचलली, की वरची बाजू तेवढीच वर जाते. डायोड तिला परत खाली येऊ देत नाही. मग पुढची पायरी. मला हे सर्किट पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की मी ते कागदाच्या पाठीवर काढून भेटेल त्याला दाखवत सुटले होते. त्यात इंडक्टर नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, नुसतं भरणं आणि उचलणं.

आनंद ओसरला तो हिशेब करताना. पंपाच्या आउटपुटला जितका चार्ज हवा, तितकाच चार्ज प्रत्येक पायरी पुरवठ्यातून स्वतंत्र उचलते. 3 व्होल्टवरून 20 वर जायचं तर आदर्श पंपातही वरचा एक मायक्रोअँपिअर खाली सातच्या घरात पडतो. परजीवी कपॅसिटन्स आणि थ्रेशोल्डचे तोटे धरले की त्याहून बराच जास्त. आता पंपाचं व्होल्टेज 20 ला पोचलं का हे पाहायला कुणीतरी तिथे रेझिस्टरचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज मोजता येईल इतकं खाली आणणारी साखळी, लावतो, वर्षानुवर्षं लावत आलेत. त्यातून दोन मायक्रोअँपिअर वाहतात. "दोनच," असं तो म्हणतो. बॅटरीकडून पाहिलं तर ते चौदाच्याही वर आहेत. नुसतं पाहण्याचे. म्हणून मग रेझिस्टरऐवजी कपॅसिटरचा डिव्हायडर लावायचा, अधूनमधून त्याला शून्यावर आणायचं. किंवा डिव्हायडर फक्त मोजण्याच्या क्षणी जोडायचा. मोजण्याच्या दोन क्षणांमध्ये व्होल्टेज किती घसरू द्यायचं यावर मी कितीतरी वाद घातले आहेत. समोरचा नेहमी म्हणतो की रिपल, म्हणजे आउटपुटवरच्या लहरी, दिसतोय. दिसणारच. लहरी दिसू नयेत असा पंप हवा असेल तर तो सतत चालू ठेवावा लागेल.

इथे एक गोष्ट लक्षात यायला मला उशीर लागला, आणि पुस्तकात ती अशी सरळ कुठे भेटली नाही. करंट कमी केला की नोड लटपटायला लागतो. दहा नॅनोअँपिअरवर चालणारी बायस लाइन, बाकीच्या ट्रान्झिस्टरना त्यांचा करंट ठरवून देणारी तार, शेजारच्या क्लॉकच्या तारेने सहज हलते आणि जागेवर यायला तिच्याकडे बळ नसतं. दहा पिकोफॅरडचा नोड दहा नॅनोअँपिअरने 1.2 व्होल्टपर्यंत भरायला 1.2 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात डीरॅमची एखादी ओळ हजारो वेळा उघडून मिटून झाली असती. रेझिस्टरने एवढा कमी करंट आणायचा तर 1.2 व्होल्टला 120 मेगाओहम लागतात, आणि तो पॉलिसिलिकॉनचा नागमोडी रेझिस्टर लेआउटमध्ये एवढी जागा खातो की मेमरी ॲरेवाले भांडायला येतात. म्हणजे वाचवलेला करंट फुकट मिळत नाही. तो वेळात, जागेत किंवा शांततेत फेडावा लागतो. यातलं काय द्यायचं हे ठरवणं म्हणजे आमचं काम, आणि त्यासाठी सिम्युलेटर मदत करतो पण निवाडा देत नाही.

मला यातलं सगळ्यात लाडकं सर्किट बँडगॅप रेफरन्स, बाकी सगळ्यांना मोजायला स्थिर व्होल्टेज देणारं. सिलिकॉनच्या जंक्शनचं, म्हणजे डायोडचं, व्होल्टेज तापमानाबरोबर दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टने उतरतं. दोन वेगवेगळ्या घनतेने चालणाऱ्या जंक्शनमधला फरक मात्र चढतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिळवले की तापमान जवळजवळ वजा होतं आणि 1.2 व्होल्टच्या थोडं वर एक स्थिर आकडा उरतो. विडलर यांनी 1971 मध्ये आणि ब्रोकॉ यांनी 1974 मध्ये ते आजच्या ओळखीच्या रूपात आणलं. पुढे अडचण आली ती पुरवठाच 1.2 च्या खाली जायला लागला तेव्हा. 1999 मध्ये तोशिबाच्या बान्बा आणि सहकाऱ्यांनी त्यावर जो तोडगा छापला तो पाहून मी खरोखर टाळी वाजवली होती: दोन व्होल्टेज एकावर एक रचायची नाहीत, दोन करंट शेजारी शेजारी मिळवायचे आणि एका रेझिस्टरमधून सोडायचे. मग आउटपुट हवं तेवढं खाली ठेवता येतं. इतकं साधं, की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. आणि हे वाटणं किती उद्धट आहे तेही लगेच कळतं.

पण त्याच सर्किटमध्ये एक खोड आहे. त्याच्या समीकरणाला दोन उत्तरं आहेत. एक आपल्याला हवं ते, आणि दुसरं शून्य. सगळ्या ब्रँचमध्ये शून्य करंट, अँप्लिफायर समाधानी, दोन्ही बाजू समान. काहीच न करणं हेही त्याचं बरोबर उत्तर आहे. डीसी सिम्युलेशन बहुतेक वेळा आपल्या मनातलं उत्तर शोधून देतं आणि माणूस बेसावध होतो. पुरवठा हळूहळू, काही मिलिसेकंद घेत चढवला, तापमान उणे 40 ठेवलं, ट्रान्झिस्टर मंद कॉर्नरचे, म्हणजे फॅबमधून निघू शकतील तेवढे मंद, घेतले, की मग खरं रूप दिसतं: पडद्यावर रेफरन्सची रेषा तळाला चिकटून बसते, आणि आपण झूम करत राहतो की कुठे तरी उचलेल. म्हणून स्टार्टअप सर्किट, जे पॉवर आल्यावर एकदा चिमटा काढतं आणि मग बाजूला होतं. नॅनोअँपिअरच्या दुनियेत हे बाजूला होणंच अवघड. बाजूला झालेल्या ट्रान्झिस्टरची गळती मुख्य ब्रँचच्या करंटच्या तोडीची असते, आणि गरम चिपमध्ये चिमटा काढणाराच रेफरन्स वाकडा करत बसतो. कधी कधी मला हे स्टार्टअप सर्किट आमच्या कामाचं सगळ्यात प्रामाणिक चित्र वाटतं. उरलेला सगळा वेळ त्याची किंमत एवढीच, की त्याने मध्ये येऊ नये.

मग कुणीतरी म्हणतं, रेफरन्स सतत चालू ठेवायचाच कशाला? जागा करा, त्याचं व्होल्टेज एका कपॅसिटरवर उतरवून घ्या, आणि झोपवा. कपॅसिटर गळतो, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा जागा करा. हे उत्तम चालतं, सरासरी करंट एकदम कोसळतो. कागदावर ते काढताना मला हसू फुटलं होतं. एक कपॅसिटर, एक स्विच, ठरावीक वेळाने केलेली उजळणी. मेमरीला व्होल्टेज पुरवणारं सर्किट स्वतःच डीरॅमचा सेल झालं होतं. आणि ती उजळणी किती वेळाने करायची हे सांगणारा ऑसिलेटर सतत जागा, त्याचा करंट वेगळा.

फॅबमधून सिलिकॉन, म्हणजे तयार चिप, परत येतं तेव्हाचे दिवस वेगळे असतात. लॅब थंड, मीटरचा पंखा एकसुरी, आणि नॅनोअँपिअरमधला आकडा स्थिर व्हायला आपला वेळ घेतो. शेवटचे अंक थबकतात, पुढे जातात, परत येतात. नवखी होते तेव्हा उघड्या वेफरवर प्रोब टेकवून स्टँडबाय करंट वाचला जात होता आणि आकडा स्पेकच्या कितीतरी वर होता. खोलीत एकदम गंभीर शांतता. एक ज्येष्ठ सहकारी, अहो-जाहो करणारे, पेनही सरळ ठेवणारे गृहस्थ, काही न बोलता पुढे झाले आणि मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. आकडा धाडकन खाली आला. प्रकाश पडला की सिलिकॉनचं प्रत्येक जंक्शन करंट तयार करतं, हे आम्हा सगळ्यांना परीक्षेपुरतं पाठ होतं. "आता मोजा," ते म्हणाले. त्यानंतर मी कुठल्याही मोजमापावर विश्वास ठेवण्याआधी खोलीत आणखी काय चालू आहे ते पाहते. घरच्यांना या सवयीचा त्रास होतो.

या कामाबद्दल माझ्या मनात सरळ अभिमान नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आम्ही महिनोन् महिने घासून काढलेला मायक्रोअँपिअर वरचं एखादं ॲप विनाकारण फोन जागा करून उडवून टाकतं, आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही. दुसऱ्या बाजूला, चिपचं व्होल्टेज आणखी खाली न्यायचं म्हटलं तर भौतिकशास्त्र आडवं येतं. डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलेल्या हिशेबात ट्रान्झिस्टरबरोबर व्होल्टेजही लहान होत जायचं होतं. मेमरीचे पुरवठे उतरले खरे: डीडीआर या डीरॅमच्या मालिकेत पहिल्या पिढीला 2.5, मग 1.8, 1.5, 1.2, आणि पाचवीला, डीडीआर5 ला, 1.1. एकही पायरी आधीपेक्षा मोठी नाही, आणि शेवटची सगळ्यात छोटी. गळती वाढू द्यायची नसेल तर थ्रेशोल्ड खाली आणता येत नाही, आणि थ्रेशोल्ड हलला नाही तर पुरवठा कितीसा हलणार? आतले पंप तर इतके महाग पडायला लागले की डीडीआर4 ने वर्डलाइनसाठी 2.5 व्होल्टची वेगळी पिनच दिली. ती बातमी वाचून मला त्या जुनाट बोर्डावरच्या पिना आठवल्या आणि जरा गंमत वाटली. तीसहून जास्त वर्षं चिपच्या आत कोंबलेली कटकट कुणीतरी हळूच परत बाहेर ठेवली होती. डीडीआर5 मध्ये पॉवर सांभाळणारी चिपही मदरबोर्डवरून उठून मेमरीच्या मॉड्यूलवर आली.

एसरॅममध्ये, म्हणजे उजळणीशिवाय डेटा धरून ठेवणाऱ्या मेमरीत, प्रश्न आणखी निर्दय आहे. झोपेत डेटा टिकवायला किती व्होल्टेज पुरेल? सर्वसाधारण सेल फारच कमीत भागवतो. पण लाखो सेलमध्ये काही असे निघतातच, ज्यांचे दोन इन्व्हर्टर, म्हणजे एकमेकांना धरून बिट टिकवणारे दोन भाग, सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या डोपिंगच्या अणूंच्या निव्वळ योगायोगाने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते आधी उलटतात. सगळ्या ॲरेचं व्होल्टेज त्या एका सेलला झेपेल तिथेच ठरतं. बाकीचे सगळे तेवढा जास्तीचा करंट गळत राहतात. त्यावर उपाय आहेत: चुका दुरुस्त करणारे कोड, राखीव ओळी, प्रत्येक चिपला टेस्टच्या वेळी दिलेला स्वतःचा ट्रिम, म्हणजे बारीक जुळणी. प्रत्येक उपायाला टेस्टर लागतो, आणि टेस्टरवरचा सेकंद आमच्या नॅनोअँपिअरपेक्षा महाग असतो, असं प्रॉडक्शनवाले सांगतात. त्यांचं चूक नाही.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. डेटाशीटमध्ये स्टँडबाय करंटचे दोन रकाने असतात, टिपिकल आणि मॅक्झिमम. पहिला 25 अंशांचा आणि मधल्या कॉर्नरच्या चिपचा, दुसरा गरम आणि गळक्या चिपचा. दोन्हींत दहापटीचा फरक सहज पडतो. जाहिरातीत पहिला येतो. आम्ही ज्या ब्रँच, ब्लीडर आणि स्टार्टअपवर भांडतो त्यातले बहुतेक दुसऱ्या रकान्यासाठी असतात, आणि पहिल्या रकान्यात ते नुसते नुकसान दिसतात. पुढच्या चिपच्या स्पेकमध्ये ती ओळ अजून रिकामी आहे. मार्केटिंगला तिथे आज संध्याकाळपर्यंत एकच आकडा हवाय, 25 अंशांचा. मी 85 चा लिहून पाठवलाय. फोन येईलच.